अकरा अर्धे वेढे

बाहेरचा नळ बंद करायचा, एवढंच ठरलं होतं.
पण तो कुठून बंद होतो
हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड, पाऊण तास.
टाकी भरते, आणि पहाटे बघावं तर अर्धी.
रात्री भिंतीला कान लावला की
आतून कुणीतरी सावकाश बोलत असायचं.

इक्राम मिस्त्री दोनदा अंगण फिरला,
सळईनं फरशी ठोकत,
डॉक्टर पाठ वाजवून बघतो तसा.
"पुरानी लाइन है दीदी.
जिसने डाली, वही जाने."

टाकणारे नाना.
जन्म गेला ए. जी. ऑफिसात,
घरच्या धोब्याच्या वहीवरसुद्धा
ऑडिटच्या हिरव्या शाईनं बरोबरची खूण करणारे.

माळ्यावरून गठ्ठा काढला. शिंका. झुरळं.
एकोणीसशे ब्याऐंशी, डिसेंबर:
पाइप, सफेदा, सुतळी, मजुरी चौदा रुपये,
आणि खाली तिरकं:
"बाहेरचा नळ. चावी पेरूच्या उत्तरेस दोन हात, विटेखाली.
अकरा अर्धे वेढे. शेवटचा जोराने नको."

पेरू तेव्हा रोप असणार.
आता त्याच्या फांद्या गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांना अडकतात.
आणि दोन हात, पण कुणाचे?
माझे मोजले, कमी पडले.
मिस्त्रीचे मोजले तर आम्ही गुलाबाच्या कुंडीत.
शेवटी मधोमध कुठेतरी
खुरपं विटेवर खट्कन वाजलं.

वीट उचलली.
पितळी चावी, हिरवी पडलेली,
आणि तिच्याखाली पाइपाला
पेरूच्या मुळांनी घातलेला असा विळखा
की लोखंड कुठलं नि झाड कुठलं, कळेना.
मिस्त्री उकिडवा बसून हसला.
"लो, ये पी रहा था रोज़."

आणि आम्ही इतकी वर्षं
येईल त्याला पेरू कापून, तिखटमीठ लावून सांगत होतो
की नाना हाडांचं खत घालायचे, म्हणून गोड.

एक, दोन. तेल सोडलं. तीन.
सातव्याला मिस्त्रीचा श्वास फुलला.
दहाव्यानंतर चावी अडली.
त्यानं पिशवीतून मोठा पाना काढला
आणि मी म्हटलं, राहू दे.
"आधा ही तो बचा है."
राहू दे.
हिरव्या शाईपुढे आमच्या घरात
कधी कुणाचं चाललेलं नाही.

नळाचं तोंड नानांनी गल्लीकडे काढलं होतं.
का, ते वहीत नाही.
तिथे प्रेसवाला हरचरन बाटली भरायचा,
शाळेची पोरं बूट भिजवायची, एक कानतुटकी कुत्री
खालच्या खळग्यातलं प्यायची.
पाटी लावावी असं दोनदा मनात आलं.
लिहायचं काय?

संध्याकाळी, धुकं उतरता उतरता
गजकवाला आला, गुळानं चिकट हात पुढे करून.
नळ फिरवला. नळ खोकला, एवढंच.
त्यानं वाकून नळाच्या तोंडात बघितलं,
एक बोट घालून पाहिलं,
मग फाटकाची कडी न वाजवता
हलक्या आवाजात विचारलं:
"सब ठीक तो है न, घर में?"

हो म्हटलं. तांब्या आणून दिला.
त्यानं हात धुतले ते तांब्याकडे न बघता,
परक्याच्या घरी धुवावेत तसे.

रात्री भिंतीला कान लावला.
बोलणं थांबलेलं.
बराच वेळानं एक थेंब.
मग इतका वेळ काहीच नाही
की मी दिवा लावून वही पुढे ओढली.
हिरवी शाई घरात नव्हती. निळ्यानं लिहिलं:
"दहा वेढे. अकरावा बाकी."

मग पुन्हा कान लावला.
पेरूच्या बाजूनं, अगदी खालून,
दुसरा.