प्लास्टरचे जबडे

थेस्सालोनिकीत, बंदरामागच्या गल्लीत, एका तळघरात
मी दातांचे साचे ओतते. एकोणीस वर्षं झाली.
दवाखान्यांतून ठसे येतात, गुलाबी, ओलसर,
सोबत चिठ्ठी: क्रमांक, वय, काय हवंय.

पूर्वी म्हाताऱ्यांच्या कवळ्या असायच्या.
आता वय तेवीस, वय सव्वीस, वय एकवीस,
आणि हवी असते रात्रीची पट्टी,
झोपेत दातांनी दातांना खाऊ नये म्हणून.

दाढांचे डोंगर झिजून माळ झालेला,
सुळ्यांची टोकं सपाट, कडेला केसाएवढी चीर.
ही कोण, मला ठाऊक नाही.
सहा महिन्यांच्या करारावर असेल, मग पुन्हा सहा.
ज्याच्यावर दातओठ खायचे तो साहेब
पडद्यावरून ‘शाब्बास’ म्हणत असेल,
म्हणजे दिवसभर हसायचं
आणि दात खायचे रात्री, स्वतःचेच.

माझे वडील अठ्ठ्याहत्तरचे.
भाजलेले चणे अजून फोडतात कडाकडा.
एकदा त्यांना साचा दाखवला. चष्मा वर करून म्हणाले,
“नव्वदीचा दिसतो. कोण गेला?”
“बावीसची मुलगी आहे, बाबा.”
मग बराच वेळ चणा नुसता घोळवत राहिले तोंडात.

मंगळवारी एक ठसा आला. क्रमांक चारशे बारा.
वय चोवीस. पट्टी जाड हवी.
प्लास्टर कालवलं, ओतलं, थापटून बुडबुडे काढले,
चाळीस मिनिटांनी साचा सोडवला
आणि वरचा डावा सुळा पाहून हात थांबले.
पाचव्या वर्षी समुद्राच्या कठड्यावरून पडला होता,
दुधाचा दात आत गेला,
त्यामागून आलेला हा, असा वळलेला.
स्ट्रातोस.
रोज रात्री फोनवर
‘ठीक आहे गं, झोपतोय आता’ म्हणणारा.

पट्टी मी तीनदा घासली.
कुठे टोचत तर नाही, जीभ फिरवून पाहिलं,
माझी जीभ, हो, नियमात बसत नाही. मग धुतली.
पाकिटावर क्रमांक लिहिला. बाकी काही नाही.

रविवारी तो आला.
बोलता बोलता कानशिलं चोळत होता.
विचारणार होते, तर माझीच दातखिळी बसली.
चणे रात्रभर भिजवलेले, पहाटेपासून मंद आचेवर,
वर लिंबू, तेलाची धार.
दोन घास घेऊन म्हणाला,
“फारच शिजलेत गं. चावायला काही उरलंच नाही.”

असू दे, म्हटलं. खा.