तीन कुलुपांची पेटी

पेटीला तीन कुलुपं. एक किल्ली पाद्र्याची,
दोन गावातल्या दोघांच्या,
म्हणजे कुणा एकट्याला
मेलेल्यांची नावं बदलता येऊ नयेत.
आता तिन्ही किल्ल्या बिस्किटांच्या डब्यात असतात
आणि डबा माझ्याकडे.

दर मंगळवारी ऑल्डरथॉर्पच्या चर्चमागच्या खोलीत
हीटर लावून बसतो, मी आणि कथबर्ट लीक.
तो वाचतो, मी उतरवून घेते.
त्याला मोतीबिंदू, मला संधिवात,
दोघं मिळून एक धड कारकून होतो.
खिडकीबाहेर लिंकनशायर: कोबी, चर, पुन्हा कोबी,
आणि मनोरा, कुणी हाक मारल्यासारखा
एका अंगाला कललेला.

बाप्तिस्मा, विवाह, दफन.
मधली दातदुखी, बांधावरची भांडणं
कुणी लिहिली नाहीत.
माजूफळाच्या शाईनं जिथे जास्त लिहिलं
तिथला कागदच खाऊन टाकलाय.

१६८१. 'मार्जरी ड्रिंगल, लोकरीत पुरली, शपथपत्र मिळाले.'
कायदाच होता तसा,
मेंढ्यांचा धंदा चालावा म्हणून मेलेल्यांनी लोकर नेसायची.
जिवंतपणी मिळाली असेल का गं तिला नवी लोकर?
कथबर्ट विचारतो.
मी म्हणते, पुढे वाच.

१७५८. वधू केझाया गॉज, 'तिची खूण', आणि एक फुली.
चुकलं की फुली मारायची, एवढंच माझ्या हाताला ठाऊक.
ही खोडायची फुली नव्हे. ही ती स्वतः.
लेखणी इतकी दाबलीय की मागच्या पानावर,
दुसऱ्याच कुणाच्या लग्नात,
ती माझ्या बोटाला टोचते.

'सुझानाचा मुलगा, बाप', पुढे जागा सोडलेली.
पाद्र्यानं नाव ठेवलं, गावानं नावं ठेवली.
नाव एका ओळीत मावलं.

१७८३, ऑक्टोबरपासून प्रत्येक नोंदीला तीन पेनी कर,
म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी
एकवीस बाप्तिस्मे,
त्यातले काही स्वतःच्या पायांनी चालत आलेले.
आम्ही दोघं हसलो तेव्हा हीटर विझला.

रेव्हरंड थर्लबीचं अक्षर मला घरच्यासारखं झालंय.
कडेला हवामान लिहायचा: 'आज वारा. कोंबडा पडला मनोऱ्यावरचा.'
१८०२च्या नोव्हेंबरात, त्याच शाईत, तेवढ्याच अक्षरात:
'ॲन थर्लबी, वय २९.'
कडेला काही नाही.
आणि खाली सात आठवडे
कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही.

मग परक्या हातानं चार दफनं एकदम,
'तारखा अंदाजे,
थडगी खणणाऱ्या ओबेड पिंचबेकच्या तोंडून.'
ओबेडला लिहिता येत नव्हतं.
मागच्या दाराच्या चौकटीवर चार खाचा आहेत.
कथबर्ट म्हणतो, कुणीतरी विळा घासला असेल.
असेल.

त्यानंतर थर्लबीचं अक्षर परत येतं, जरा मोठं, जरा थरथरतं:
'पहाटे पोर्चमध्ये सापडलेला मुलगा. जिवंत.
नाव: फेबियन पोर्च.'

हीटर बघायला आलेल्या ड्वेनचं आडनाव तेच.
ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आम्हाला पैसे लावत नाही.
आमचं घराणं नॉर्मन सरदारांचं, आजोबा सांगायचे, तो म्हणाला,
सापडलं का आमचं काही तुमच्या चोपड्यांत?
कथबर्टनं माझ्याकडे पाहिलं.
मी पान त्याच्याकडे फिरवलं.

ओठ हलवत वाचलं त्यानं, दोनदा.
'जिवंत'वर बोट ठेवलं, तेलकट होतं म्हणून लगेच उचललं.
जाताना पोर्चमधल्या दगडी बाकापाशी
बराच वेळ उभा राहिला.
थांबायला बाहेर पाऊसही नव्हता.

मी किल्ल्या डब्यात टाकल्या.
पुढचं पान उंदरांनी खाल्लंय. मंगळवारी बघू.