खडेमीठ

मंगळवारी ओयोनाच्या दंतवैद्याने
आन्सेल्मला नवी कवळी बसवली,
आणि बुधवारी सकाळी कळलं, पाइप बसत नाही.
नळी नको तिथे टेकते, वाडगा छातीकडे कलंडतो,
दात वाजतात,
शेजारच्या खोलीत कुणी कपबशा विसळाव्यात तसे.

"नळी थोडी वाकवतो," म्हणाला.

हा माणूस एकतीस वर्षं कारखान्यात लाकूड कोरत होता,
ब्रायरच्या गाठीतून वाडगे काढत.
नळीला त्याने कधी काही लावलं असेल
तर ते दात.
नळ्यांचं खातं वरच्या मजल्यावर. तिथे मी.
दिवसाला चारशे, तेवीस वर्षं.
एकीपुढे एक ठेवल्या तर आमच्या सँ-क्लोदहून निघून
जिनिव्हाला जाऊन परत येतील.
त्याला मात्र विचारावंसं वाटलं नाही.
मेणबत्ती लावून बसला खिडकीशी
आणि मी गाजरं सोलत राहिले.

मग वास आला.
गंधक.
ओल्या कोटांचा, जिन्याचा, शनिवारच्या पगाराचा,
मुकादम क्लोतिल्दबाईच्या खोकल्याचा वास.
पोर झाल्यावर महिनाभर
माझ्या बोटांना येत होता तो.

"विझव ती," मी म्हटलं. "जळेल. दे इकडे."

बिडाच्या तव्यात खडेमीठ घातलं, मंद आचेवर.
नळीत तार सरकवली,
कारण वाकताना भोक मिटलं
की नळी संपली, उरली नुसती काडी.
मिठात पुरली. वर हात धरून ऊब पाहिली.
आन्सेल्म पाठीशी उभा,
आता त्याचं काही काम नव्हतं.

त्या नळीवर दोन खड्डे होते.
वरचा सुळ्याचा, खोल.
खालचा तिरका, अर्ध्या दाताचा:
तो दात त्याने अक्रोडावर मोडला होता
माझ्यासमोर फुशारकी मारताना,
आम्ही अजून एकमेकांना अहो-जाहो करायचो तेव्हा.

काळ्या रबराची एक खोड असते.
तापलं की त्याला आपलं मूळ आठवतं.
वाकवलेलं सरळ होतं,
चावलेलं भरून येतं.
मला हे ठाऊक होतं, आणि आधी सांगायचं सुचलं नाही.
की सुचलं होतं?

मिठातून काढली तेव्हा
नळी वेताच्या छडीसारखी सरळ, गुळगुळीत,
कुणाच्याच तोंडात न गेलेली.
त्याने ती उजेडात धरली, फिरवली,
नखाने चाचपली.
"माझे दात?" म्हणाला.

मी काय सांगणार.
खरे होते ते दंतवैद्याच्या बादलीत गेले,
आणि हे होते ते असे.

"थंड होतेय, आण," मी म्हटलं
आणि लाटण्यावर टेकवून वाकवली.
डोळे लावायची गरज पडली नाही,
अंगठ्यांना वाट पाठ होती.
नळाखाली धरली. घालून बघ.

"अजून एक केसभर."
पुन्हा मीठ, पुन्हा लाटणं.
"थोडी जास्त झाली."
पुन्हा मीठ. ती पुन्हा सरळ, पुन्हा कोरी.
क्लोतिल्दबाई असती तर माझा पगार कापला असता.

चौथ्या खेपेला त्याने तोंड मिटलं
आणि काही वाजलं नाही.
तसाच उभा राहिला, खाली नदीकडे बघत.

वाडगा रिकामाच होता.
डॉक्टरने तंबाखू बंद केली त्याला नऊ वर्षं झाली,
काडीसुद्धा ओढलेली नाही तेव्हापासून.
नुसता धरतो.
बोलायचं नसलं म्हणजे तोंडाला काहीतरी लागतं, म्हणतो.

एवढं मीठ टाकून द्यायला माझा हात होईना.
गाळून पुन्हा बरणीत भरलं.

रात्री गाजराच्या सूपला
कारखान्याची चव होती.
तो दोनदा वाढून घेऊन जेवला.
मीही काही बोलले नाही.