जुव्यावरची मोजणी

पाच दिवस, सात जागा, दर तासाला एकदा,
असं लिहून दिलं होतं कचेरीनं.
दोन फोन, एक मेणकापडाची पिशवी
आणि सहा रकान्यांचा फॉर्म:
जागा, वेळ, कंपनी, चढती, उतरती, विलंब.

खाडीतल्या बेटाला इथे जुवा म्हणतात.
होडीत होडेकरनं विचारलं, काय मोजता?
म्हटलं, इथून हाक जाते,
लांब कुठंतरी शिवून परत येते,
किती वेळ लागला ते.
त्यानं वल्हं थांबवलं
आणि पलीकडे तोंड करून ओऽऽ घातली.
कांदळवनातून दोन बगळे उडाले.
मग बऱ्याच वेळानं धक्क्यावरून कोणीतरी: ओऽ.
लिवा, म्हणाला.
नऊ सेकंद. म्हणजे नऊ हजार मिलिसेकंद.
आमच्या हिशेबात नापास.

शाळेच्या पडवीत शून्य पूर्णांक चार.
मशिदीमागच्या विहिरीपाशी काही नाही.
जेटीवर तीन, मग दोन, मग नुसतं चाक फिरत राहिलं,
पाग फेकावा तसं गोल, रिकामं.
वरच्या कातळावर अकरा.
तिथला एक दगड बसून बसून गुळगुळीत झालाय.
पोरं तिथे निकाल बघतात, नोकरीचे अर्ज भरतात,
खडूनं लिहिलंय: दोनच मिनिटं, मागे रांग आहे.

तिसऱ्या दिवशी आकडे बिघडले.
तीच जागा, तोच फोन, तोच साडेदहाचा ठोका,
काल सात, आज एक.
फोन बंद केला, चालू केला, पुसला पदरानं.
मैमुना सोलकर मागच्या दारी तिसऱ्या धूत होती,
मान वर न करता म्हणाली,
अमाश्येचं उधाण आहे. पाणी भरलं की
टॉवर आपल्याला विसरतो.
पाणी रोज पाऊण तास सरकतं, बाई,
तुमचं घड्याळ सरकत नाही.

तिचा नवरा दोह्याला, क्रेनवर.
ती भरतीला बोलून ठेवते, सुकतीला ते जातं,
सगळं एकदम:
सकाळचं भांडण, दुपारची समजूत.
कधी समजूत आधी पोचते, भांडण मागून.
मग तो रात्रभर विचारत बसतो, आता काय झालं?

मी पट्टीनं सातवा रकाना आखला. वर लिहिलं: पाणी.
कातळावर चढून पाठवला.
उत्तर आलं, रकाना वाढवता येत नाही,
सरासरी कळवा.
सरासरी आली तीन पूर्णांक दोन.
पाच दिवसांत, सात जागांत,
तीन पूर्णांक दोन मला एकदाही भेटला नव्हता.
तरी लिहिला.

निघाले तेव्हा होडी पलीकडे होती.
ओ घातली, पहिली बारीकच निघाली,
दुसरी बरी.
पाणी उतरायला लागलं होतं, चिखलातून खेकडे वर येत होते.
पिशवीत फोन थरथरला, लागोपाठ चौदा वेळा.
बघितला नाही.
पलीकडे कान लावून उभी होते.