आठ, एकोणपन्नास

स्विंडनला रात्री दोन चाळीस.
सर्व्हरच्या खोलीत अठरा अंश, बारा महिने तेरा काळ.
मी शाल पांघरून बसते. गेथिन हसायचा या शालीला.
निवृत्त होताना त्यानं मला वही दिली,
पुठ्ठ्यावर चहाच्या मगाचं वर्तुळ,
आत डावीकडे ब्लॉकची नावं, उजवीकडे रॉची,
मधोमध पट्टीनं मारलेली रेघ.
जोड्या लावा. गुण दहा.

डिस्क एकच असते, तिला दारं दोन.
पुढच्या दाराला ओसरी आहे.
तिथं कर्नल तुमचं सामान ठेवून घेतो,
म्हणतो बसा, पोचवतो सावकाशीनं;
कालचीच वस्तू पुन्हा मागितली
तर आत न जाता हातावर ठेवतो.
मागच्या दाराला ओसरी नाही.
ठोठावलं की थेट तबकडी.
डेटाबेसला तेच हवं असतं,
मध्यस्थ म्हटला की त्याच्या कपाळाला आठी.

आजचं काम साधं:
एक रिकामी डिस्क हवी, पगाराच्या चाचणीसाठी, सातच्या आत.
एसडीडी-एक बघितली. कुठंही माउंट नाही.
फाइलसिस्टिम नाही. डीएफच्या यादीत नाव नाही.
वही म्हणते, रॉ-सात म्हणजे एसडीसी-एक.
म्हणजे ही मोकळीच. कुणी राहत नाही इथं.
पुसायची कमांड टाइप केली,
दोनदा वाचली,
बोट एंटरच्या वर.

मग दिसला रॅकमधला चौथा खण.
हिरवा ठिपका लुकलुकत होता,
भराभर, जेवताना बोलणाऱ्या माणसासारखा.
रिकाम्या घरात
इतक्या रात्री
कोण जागं आहे?

बोट मागं घेतलं. रॉला विचारलं, तू कुणाशी बांधलेला?
रॉ-सात म्हणाला: मेजर आठ, मायनर एकोणपन्नास.
एसडीडी-एकला विचारलं. ती म्हणाली:
आठ, एकोणपन्नास.

फेब्रुवारीत नवी डिस्क बसवली होती.
बाकावर कुणी मध्येच येऊन बसावं
तशी सगळी नावं एकेक जागा सरकली.
गेथिननं गाठी नव्यानं बांधल्या
आणि वही तेवढी तशीच राहिली.

सटाण्याला, लग्नात, ताटातल्या तांदळात
अंगठीनं माझं नाव लिहिलं होतं: शर्वरी.
ताट कुणीतरी उचललं, तांदूळ डब्यात गेले, बहुतेक खिचडीत.
पुढं बँकेत जुनी ठेव मोडायला गेले
तर काचेमागचा माणूस म्हणाला,
निलांबरी खरवंडीकर आणि तुम्ही
एकच कशावरून?
स्टॅम्पपेपर, गॅझेट, दोन साक्षीदार.
भाऊ अजून निलू म्हणतो, थेट, ओसरीवर न थांबता.
इथं ऑफिसात मी शेरी. ते गेथिननंच केलं,
त्याची जीभ "र्व"ला अडखळायची.
तीनही हाकांना ओ देते मी.
पण मला जर कुणी मोकळी समजून
पुसायला घेतलं असतं,
तर कुठला आकडा दाखवला असता मी?

कमांड खोडली, एकेक अक्षर मागं घेत.
कळवलं: रिकामी डिस्क नाही.
वहीत एसडीसीवर काट मारली, पेन्सिलीनं;
शाईचा आता भरवसा वाटत नाही.
गेथिनला फोन केला नाही.
तो लानेलीला कोंबड्या पाळतो,
त्यांनाही नावं ठेवली असतील, आणि वही असेल.

सकाळी घरी जाताना तो चौक,
एका वर्तुळाभोवती पाच वर्तुळं,
जिथून एकाच रस्त्याला दोन बाजूंनी लागता येतं.
मी रोज डावीकडून जाते.
आज उजवीकडून गेले, उगाच,
मागच्यानं हॉर्न वाजवला.