तिसरं

आकुरेरीच्या बंदरकचेरीत थोरहाल्लाने
तीन टूल्स लावून पाहिली,
तीस दिवसांच्या बोलीवर.

डावीकडे आपली एक्सएमएल,
उजवीकडे पोर्तुगालच्या गिऱ्हाइकाची,
मधे रेघा ओढायच्या:
कॉडचं वजन वजनाला,
तारीख तारखेला, उलटी करून.

पहिल्याच्या रेघा देखण्या.
दुसऱ्याने दोन हजार पेट्या
कॉफी निवायच्या आत पलीकडे नेल्या.
दोन्हीकडे शेरा मात्र वाटेतच गळालेला,
आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

तिसरं महाग, ओबडधोबड.
चौथ्याच नोंदीला अडलं, लाल झालं:
'वारा वायव्येचा. जाळं फाटलं.
ओद्दुरने हाताने शिवलं, सहा तास.'
याला उजवीकडे जागा नाही. काय करू?

मागणीपत्रात, कारणाच्या रकान्यात,
थोरहाल्लाने एकच शब्द लिहिला:
विचारतं.