आप्पांचं नाक

इस्माईल नदाफचा धाकटा दुबईहून आला
आणि आप्पांच्या मांडीवर पेटी ठेवून म्हणाला,
"चाचा, तुमच्यासाठी. तुम्हीच सांगा, कसाय माल."

देवदाराची पेटी, कडेला कागदी झालर.
झाकणावर कुणी मिशाळ गोरा, भोवती पदकं,
खाली सोनेरी अक्षरांत: सन १८८७ पासून.
आत बारा सिगार, कमरेला लाल पट्टे बांधून
वरातीला निघालेल्या भावांसारखे.

आप्पांनी आयुष्यात एक विडी ओढली नाही.
दिवस बुडायच्या आत जेवणारा माणूस.
पण निपाणीच्या वखारीत अडतीस वर्षं
पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
मूठभर जर्दा नाकाशी नेला, की सांगायचे:
हा कारदग्याचा, काळ्या रानाचा, गुळमाट.
हा माळावरचा, घशाला धरेल.
ह्याला दव जास्त लागलंय, महिन्यात बुरशी येईल.
आणि हा, यमगर्णीचा म्हणून विकताय खरा,
पण ह्यानं नदीचं पाणी बघितलेलं न्हाई.
मग व्यापारी रुमालाखाली हात घालायचे,
बोटं बोटांना भाव सांगायची.

दोन वर्षांमागच्या तापात ते नाक गेलं.
ताप उतरला, वास काही परत आला नाही.
उदबत्ती, फोडणी, उतू जाऊन करपलेलं दूध,
त्यांना आता सगळं सारखंच.
घरात हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.
मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

पेटीत घडीचा कागद होता.
मी अर्थ लावत लावत वाचला:
सुरुवातीला कोको, मध्ये चामडं आणि मिरी,
शेवटी भाजलेला बदाम. पाच पिढ्यांचा वारसा.
"चामडं?" आप्पा म्हणाले. "चामडं कोण चाखतं?"

त्यांनी एक सिगार उचलला. कानाशी धरून हलकेच दाबला.
पान कुरकुरलं नाही.
"दमट ठेवलाय. बरोबर."
मग नाकाशी नेला, डोळे मिटून,
पूर्वी लावायचे तेवढाच वेळ लावून,
आणि माझ्याकडे केला.
"बघ ग. तुला काय लागतंय?"

लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन वखारीच्या दारात उभी राहायची.
आत चाळणीवर बायका, तोंडाला पदर,
पापण्यांवर पिवळी धूळ,
शिंका, आणि शिंकांच्या मधून गप्पा,
अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत.
शेवंताक्का येता-जाता माझा गाल ओढायची.
दोन दिवस तो गाल उशीला लावला
की डोकं गरगरायचं.

मी श्वास घेतला.
कोको असेल. मला कोको कुठला ठाऊक.
मला लागली ओल्या गोणपाटाची ऊब,
गुऱ्हाळावरची काकवी, जराशी लागलेली,
कडुलिंबाची साल,
आणि ह्या सगळ्याच्या मागे, पार मागे,
पानाची शीर ओढून काढणारा,
वळता वळता अंगठा जिभेला लावणारा
कुणा बाईचा हात.
कागदावर ती नव्हती.
पाच पिढ्या मोजल्या होत्या, तिला सोडून.

"आप्पा," मी म्हटलं, "शेवंताक्काच्या हाताचा वास येतोय."

ते बराच वेळ सिगारकडे बघत राहिले.
"व्हय," म्हणाले. "मलापण तोच आला."

पोरगा खूश झाला. गल्लीभर सांगत सुटला,
चाचांचं नाक अजून तसंच आहे म्हणून.
बारा सिगार आप्पांनी त्यालाच परत दिले,
"आमच्यात चालत न्हाई, बाळ. पेटी तेवढी ऱ्हाऊ दे."

रात्री अंधारात झाकण उघडल्याचा आवाज आला.
मग कितीतरी वेळ काहीच नाही.
मग लावल्याचा.